महिना शंभर पौंडांचा ट्रान्सपोर्ट मॅनेजर

ब्रिटनमध्ये मालवाहतुकीच्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्याला कुणी ना कुणी हा सौदा सुचवतोच: ओळखीत सीपीसीवाला माणूस आहे, महिन्याला शंभर पौंड द्या, तो फॉर्मवर सही करेल, बाकी गाड्या तुमच्या तुम्ही चालवा. लेस्टर, स्लाव, वेम्ब्ली या भागांत किराण्याचे, फर्निचरचे, बांधकाम साहित्याचे व्यवसाय करणाऱ्या आपल्या लोकांना तर तो चहा पिता पिता, मदत म्हणून सुचवला जातो. सीपीसी म्हणजे ट्रान्सपोर्ट मॅनेजरला लागणारे व्यावसायिक पात्रतेचे प्रमाणपत्र. आपल्याकडे औषधाच्या दुकानात प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट गावी, हा प्रकार माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. इथे तोच प्रकार गाड्यांच्या बाबतीत करायचा असतो.

आधी नुसता हिशेब करून पाहू. मालवाहतुकीचे परवाने ट्रॅफिक कमिशनर देतात; त्यांच्या प्रमुखांचा, म्हणजे सीनियर ट्रॅफिक कमिशनरांचा, ट्रान्सपोर्ट मॅनेजरविषयीचा एक वैधानिक दस्तऐवज आहे, क्रमांक ३. त्यात गाड्यांच्या संख्येनुसार मॅनेजरने आठवड्याला साधारण किती तास द्यावेत याचा तक्ता दिला आहे. दोन गाड्यांपर्यंत दोन ते चार तास. सर्वांत कमी म्हणजे दोन तास धरले तरी महिन्याचे पावणेनऊच्या जवळपास तास होतात. शंभर पौंडांना त्यांनी भागले की ताशी साडेअकरा पौंड हाती येतात. एप्रिल २०२५मध्ये एकवीस वर्षांवरच्या कामगाराचे किमान वेतनच ताशी १२.२१ पौंड झाले होते. चार तास धरले तर हाच दर सहा पौंडांच्याही खाली जातो. बाहेरच्या सल्लागाराला किमान वेतनाचा कायदा लागू नसेल, पण बेरीज-भागाकार सर्वांना लागू असतो. गोदामात खोकी उचलणाऱ्यापेक्षा कमी पैशांत कुणी तुमच्या ब्रेकची, टायरची आणि ड्रायव्हरच्या झोपेची जबाबदारी घेत असेल, तर तो ती घेत नाही आहे, एवढे समजून चालावे.

आधी पाहा, मॅनेजर लागतो का

पैसे वाचवण्याची सर्वांत मोठी जागा इथेच आहे आणि बरेच जण ती पाहायला विसरतात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाची मालगाडी धंद्यासाठी चालवायची तर ऑपरेटरचा परवाना लागतो. उत्तर आयर्लंडचा कायदा आणि कार्यालय वेगळे, त्यामुळे बेलफास्टच्या वाचकांनी हा लेख फक्त अंदाजासाठी वाचावा. परवान्याचे मुख्य प्रकार तीन: रिस्ट्रिक्टेड, स्टँडर्ड नॅशनल आणि स्टँडर्ड इंटरनॅशनल. रिस्ट्रिक्टेड परवान्यावर तुम्ही फक्त स्वतःच्या धंद्याचा माल नेऊ शकता, आणि त्याला ट्रान्सपोर्ट मॅनेजरची कायदेशीर अट नाही. दुसऱ्याचा माल भाडे घेऊन न्यायचा असेल तर मात्र स्टँडर्ड परवाना हवा, आणि त्यासोबत मॅनेजर आलाच.

म्हणजे तांदूळ, डाळी, लोणची स्वतः आयात करून स्वतःच्या ट्रकने दुकानदारांना पोचवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला मॅनेजरचा महिन्याचा खर्च करायचीच गरज नाही. अडचण परतीच्या फेरीत सुरू होते. बर्मिंगहॅमहून रिकामी येणारी गाडी पाहून कुणाचाही जीव तुटतो, आणि ‘येताना शेजाऱ्याचे चार पॅलेट आणू, डिझेलचे पैसे सुटतील’ असा विचार येतो. त्या चार पॅलेटचे भाडे घेतलेत की रिस्ट्रिक्टेड परवान्याची हद्द ओलांडली. परतीचे भाडे नियमित मिळणार असेल तर स्टँडर्ड परवान्याचा खर्च सोसेल का, हे कागदावर मांडून ठरवावे. हळूच आणू, कोण बघतंय, हा त्यावरचा उपाय नव्हे.

मॅनेजर लागत नाही म्हणून त्याची कामे टळत नाहीत, हेही सांगायला हवे. गाडी सुस्थितीत ठेवण्याची, ड्रायव्हरचे तास पाळण्याची, नोंदी जपण्याची हमी रिस्ट्रिक्टेडवाल्यालाही लिहून द्यावी लागते. फरक एवढाच, की तिथे चूक झाली तर मालकाखेरीज दुसरा कुणी उभा करायला नसतो.

छोट्या व्हॅनवाल्यांसाठी एकच गोष्ट. साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन देशातल्या देशात चालवत असाल तर हा परवाना नको. पण भाड्याचा माल घेऊन युरोपात जायचे असेल, तर मे २०२२पासून अडीच टनांच्या वरच्या व्हॅनलाही स्टँडर्ड इंटरनॅशनल परवाना आणि ट्रान्सपोर्ट मॅनेजर लागतो. लंडनहून पॅरिसला केटरिंगचे सामान भाड्याने पोचवणाऱ्यांना ही अट अजूनही अचानक कळते.

दाखवायचे पैसे, भरायचे पैसे

परवान्याच्या खर्चात लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. एक, खात्यात दाखवायची रक्कम. स्टँडर्ड परवान्यासाठी जड गाड्यांना पहिल्या गाडीला ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीला ४,५०० पौंड एवढे भांडवल हाताशी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. रिस्ट्रिक्टेडला हेच आकडे ३,१०० आणि १,७०० आहेत. तीन गाड्यांचा हिशेब केला तर स्टँडर्डला १७,००० पौंड, रिस्ट्रिक्टेडला ६,५००. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, पण नव्या अर्जदाराच्या खात्यात अठ्ठावीस दिवसांच्या सरासरीने ते दिसले पाहिजेत. भावाकडून एका दिवसासाठी उचलून आणलेली रक्कम सरासरीत टिकत नाही. पुढेही परवाना आहे तोवर हे भांडवल राखायचे असते. हे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष भरायची फी. बरीच वर्षे अर्जाला २५७ पौंड, परवाना मिळताना ४०१ पौंड आणि मग दर पाच वर्षांनी तो चालू ठेवताना पुन्हा ४०१ पौंड असा दर राहिला आहे. भरण्याआधी तोही ताडून पाहा. शिवाय गाड्या जिथे उभ्या राहणार त्या भागातल्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, अर्जाच्या आधी किंवा नंतर एकवीस दिवसांच्या आत. मजकुराचा नमुना ठरलेला असतो. तो जसाच्या तसा छापून घ्यावा, कारण चुकीची जाहिरात म्हणजे जाहिरातीचे पैसे दुसऱ्यांदा.

ही फी एकदा भरली की पुढची पाच वर्षे पुन्हा भरावी लागत नाही. दर महिन्याला खिशातून जाणारा पैसा मॅनेजरचा, आणि लोक काटकसर तिथेच करायला जातात.

मॅनेजरचे तीन मार्ग आणि त्यांचे भाव

पहिला मार्ग, तुम्ही स्वतः परीक्षा द्या. दोन पेपर असतात: एक वस्तुनिष्ठ प्रश्नांचा, दुसरा केस स्टडीचा. दुसऱ्याला पुस्तके जवळ ठेवता येतात, आणि म्हणूनच तो अधिक जणांना अडकवतो. उत्तर शोधण्यात वेळ जातो, वेळापत्रक आणि खर्चपत्रक मांडायचे राहून जाते. अभ्यासवर्ग, पुस्तके, दोन्ही पेपरांची फी मिळून हजार ते दीड हजार पौंड बाजूला ठेवावेत. पुण्यात किंवा कळंबोलीत तुम्ही वीस ट्रक सांभाळले असतील तर ते ज्ञान कामाला येईल, पण या प्रमाणपत्राच्या जागी ते चालणार नाही. भारतात ट्रकच्या परमिटसाठी अशा पात्रतेचा मॅनेजर कायदा मागत नाही, त्यामुळे ‘तिकडचा अनुभव इकडे धरा’ म्हणायलाही आधार उरत नाही.

माझ्या मते एक ते पाच गाड्यांच्या मालकासाठी हाच सर्वांत शहाणा खर्च आहे, एका अटीवर. मालक स्वतः आठवड्याचे पन्नास तास स्टिअरिंगवर असेल तर तो स्वतःच्या इतर ड्रायव्हरांचा मॅनेजर कधी होणार? अर्ज तपासणारे हाच प्रश्न विचारतात, आणि रात्री जेवण झाल्यावर बघतो हे उत्तर त्यांना पटत नाही.

दुसरा मार्ग, बाहेरचा मॅनेजर. हा अनेक मालकांसाठी काम करणारा सल्लागार असतो. कायद्याने त्याला जास्तीत जास्त चार ऑपरेटर आणि त्यांच्या मिळून पन्नास गाड्या, एवढीच मुभा आहे. कमिशनर त्याहून कमीही ठरवू शकतात. त्याचा भाव पारखायचा तर आधी तास ठरवा. तक्त्यात तीन ते पाच गाड्यांना चार ते आठ तास, सहा ते दहाला आठ ते बारा, अकरा ते चौदाला बारा ते वीस, पंधरा ते एकोणतीस गाड्यांना वीस ते तीस तास आहेत. तिथून वर तो जवळजवळ पूर्णवेळ होतो. हे आकडे सुरुवातीचे आहेत. ट्रेलर असतील, गाड्या दोन ठिकाणी उभ्या राहत असतील, ड्रायव्हर रात्रपाळीचे असतील तर तास वाढतात.

तीन गाड्या आणि आठवड्याला सहा तास धरा. महिन्याचे सव्वीस तास होतात. अनुभवी माणसाला ताशी तीस पौंड दिले तर ७८० पौंड. तो व्हॅटनोंदणीकृत असेल तर वीस टक्के वर, म्हणजे ९३६. तुम्हीही नोंदणीकृत असाल तर तो व्हॅट परत मिळतो, नसाल तर तो खर्चच. याखेरीज काही जण सुरुवातीच्या तपासणीचे वेगळे पैसे घेतात, काही जण येण्याजाण्याचे. ते घेणे गैर नाही, पण भाव विचारताना हे सगळे धरून विचारा. आता कुणी याच तीन गाड्यांसाठी महिना दोनशे पौंड म्हणाला, तर सव्वीस तासांनी भागा: ताशी आठ पौंडांच्या आत. त्याला तोंडावर सांगा, ‘तुम्ही सव्वीस तास येणार नाही आहात, मग किती येणार ते सांगा.’ उत्तर ऐकण्यासारखे असते.

तिसरा मार्ग, पगारी माणूस. पंधरा गाड्यांच्या वर गेलात की इकडे वळणे सोयीचे ठरते. चाळीस हजार पौंडांच्या पगारावर मालकाला पाच हजारांच्या वरच्या रकमेवर पंधरा टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे ५,२५० पौंड, आणि कमीत कमी पेन्शनचे साधारण हजार पौंड भरावे लागतात. एकूण सव्वासेहेचाळीस हजारांच्या घरात. छोट्या कंपन्यांना नॅशनल इन्शुरन्समध्ये १०,५०० पौंडांपर्यंत सवलत मिळू शकते, अकाउंटंटला विचारून ठेवा.

मधला एक चांगला रस्ता असा: पहिले वर्ष बाहेरचा मॅनेजर घ्या, त्याच्या हाताखाली शिकत परीक्षा द्या. केस स्टडीचा पेपर वर्षातून मोजक्याच वेळा असतो, त्यामुळे परीक्षा, निकाल आणि एखादा फेरप्रयत्न धरला तर वर्ष सहज जाते. वरच्या उदाहरणात परीक्षेचा सगळा खर्च मॅनेजरच्या दोन महिन्यांच्या बिलात भरून निघतो.

कायद्याच्या नजरेतला मॅनेजर

१९९५च्या परवाना कायद्यानुसार ट्रान्सपोर्ट मॅनेजरकडे दोन गोष्टी हव्यात: चांगला लौकिक आणि व्यावसायिक पात्रता. पण प्रत्यक्षात सगळा वाद तिसऱ्या गोष्टीवर होतो. त्याने गाड्यांच्या कामाचे व्यवस्थापन सतत आणि परिणामकारकपणे केले पाहिजे. परवान्यावर नाव आहे पण महिनोन्महिने यार्डात पाऊल नाही, असा माणूस कमिशनरांसमोर आला की त्याचा लौकिक जाऊ शकतो, आणि लौकिक गेला की मॅनेजर म्हणून तो अपात्र ठरतोच. त्यात कमिशनरांना दयामाया दाखवायला जागा नाही. मालकाचा परवाना त्याच सुनावणीत पणाला लागलेला असतो.

हे सगळे इतके कडक का, असे वाटत असेल तर बाथ शहरातली ९ फेब्रुवारी २०१५ची दुर्घटना आठवावी. बत्तीस टनी टिपरचे ब्रेक उतारावर निकामी झाले, चार जण मेले, त्यात चार वर्षांची मुलगी होती. ट्रकमालक आणि मेकॅनिक, दोघेही सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात गेले. ब्रेक एका दिवसात तसे होत नाहीत. त्याआधी कुणीतरी न पाहिलेले कागद असतात.

माणूस पारखायचा कसा

प्रमाणपत्र पाहणे ही पहिली पायरी, आणि तिथेही एक फसगत होते. ड्रायव्हरसाठीही ‘सीपीसी’ नावाचीच गोष्ट आहे, पाच वर्षांत पस्तीस तासांचे प्रशिक्षण घेऊन मिळणारे कार्ड. ते दाखवून ‘आहे माझ्याकडे सीपीसी’ म्हणणारे भेटतात. तुम्हाला हवे ते ट्रान्सपोर्ट मॅनेजरचे, आणि मूळ प्रत हवी, फोनमधला फोटो नव्हे. अर्जासोबतही मूळ प्रमाणपत्राची विचारणा होते. त्यावरची तारीख पाहा. पंधरा वर्षांपूर्वी परीक्षा दिली आणि तेव्हापासून टॅक्सी चालवली, असा माणूस कागदावर पात्रच असतो. पण बरीच वर्षे या कामापासून दूर असलेल्याला कमिशनर दोन दिवसांचे उजळणी प्रशिक्षण घ्यायला सांगू शकतात. त्याने ते आधीच घेतले असेल तर माणूस गंभीर आहे. नसेल तर फी कोण भरणार ते आताच बोला.

मग प्रश्न. सध्या किती मालकांसाठी काम करता, त्यांच्या गाड्या किती, प्रत्येकाला आठवड्याला किती तास देता? उत्तर लिहून घ्या आणि त्याच्यासमोर बेरीज करा. गोदामात पंचेचाळीस तासांची नोकरी, वर तीन मालक आणि आता तुम्ही, अशी बेरीज सत्तरवर गेली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. तुमच्या गाड्या पहाटे चारला निघतात आणि तो म्हणतो शनिवारी दुपारी येतो, तर ड्रायव्हर गाडीभोवती फिरून रोजची तपासणी करतो की नुसते फॉर्मवर टिक मारतो, हे त्याला कधी दिसणार?

कधी पब्लिक इन्क्वायरीला, म्हणजे कमिशनरांसमोरच्या सुनावणीला, सामोरे गेलात का, हे विचारा. ‘हो’ म्हणणारा आपोआप बाद होत नाही. काय झाले होते, त्यानंतर काय बदलले, हे जो न अडखळता सांगतो तो कधीकधी कोऱ्या पाटीच्या माणसापेक्षा बरा. कमिशनरांचे निर्णय प्रसिद्ध होतात आणि परवान्यांची नोंदवही सर्वांना खुली आहे. त्याने नावे घेतलेल्या कंपन्या तिथे शोधा, परवाने चालू आहेत का पाहा, एकदोन मालकांना फोन करा. फोनवर ‘माणूस कसा आहे’ विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. ‘तो शेवटचा तुमच्याकडे कधी आला होता?’ एवढेच विचारा.

तरी माझा खरा भरवसा एका तासाच्या परीक्षेवर आहे. त्या तासाचे पैसे देऊन उमेदवाराला टेबलाशी बसवा आणि एका गाडीचे तीन महिन्यांचे कागद समोर ठेवा: गॅरेजच्या सुरक्षा तपासणीचे पत्रक, ड्रायव्हरचे रोजचे तपासणी फॉर्म, गाडी चालवल्याचे तास नोंदवणाऱ्या टॅकोग्राफ यंत्राचा अहवाल. स्वतःचे नसतील तर अकाउंटंटच्या ओळखीने कुणाचे तरी नावे झाकून मिळवा. आणि गप्प बसून बघा.

चांगला मॅनेजर सगळ्यात आधी तारखा लावतो. तपासणी दर सहा आठवड्यांनी ठरली असेल तर मधे नऊ आठवड्यांचे भोक कुठे पडले आहे, ते तो बोटाने दाखवतो. मग तो गॅरेजचे पत्रक आणि ड्रायव्हरचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवतो. गॅरेजला टायर गुळगुळीत आणि दिवा बंद सापडला, आणि त्याच सकाळी ड्रायव्हरने ‘दोष नाही’ लिहिले आहे, तर खरा दोष गाडीपेक्षा ड्रायव्हरच्या खोट्या तपासणीत आहे. हे ज्याच्या लक्षात येते त्याला काम येते. पत्रकावर ‘गाडी रस्त्यावर जाण्यास योग्य’ अशी सही आठ तारखेची आणि सुट्या भागांचे बिल अकरा तारखेचे असेल तर तो भुवई उंचावतो. ब्रेकचे आकडे कुठे आहेत, हे तर तो विचारतोच. रोलरवरच्या चाचणीचा छापील कागद हवा, नुसते ‘ब्रेक ठीक’ नको. मुख्य ब्रेकची क्षमता जड गाडीला पन्नास टक्के लागते, आणि गाडी रिकामी असताना घेतलेली चाचणी फारसे काही सांगत नाही.

टॅकोग्राफच्या अहवालात तो उल्लंघनांची यादी वाचून थांबत नाही. साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती हुकली, हे यंत्रच लाल रंगात सांगते. तो मायलेज जुळवतो. एका ड्रायव्हरने कार्ड काढले तेव्हाचा आकडा आणि दुसऱ्या दिवशी कार्ड घातले तेव्हाचा आकडा यांत सत्तर मैलांचा फरक असेल, तर ते सत्तर मैल कुणीतरी कार्डाशिवाय गाडी चालवली आहे. गॅरेजवाल्याने नेली असेल, किंवा ड्रायव्हरने तास लपवले असतील. कार्डाची माहिती अठ्ठावीस दिवसांत आणि गाडीतल्या यंत्राची नव्वद दिवसांत उतरवून घ्यायची असते. ती कोण उतरवतो, हे तो तुम्हालाच विचारेल.

जो माणूस कागद चाळून ‘सगळं व्यवस्थित आहे, काळजी करू नका’ म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या. त्याने तुम्हाला किती प्रश्न विचारले, हेही मोजा. देखभालीचा करार कुणाशी आहे, ड्रायव्हर पगारी आहेत की स्वतःला स्वयंरोजगारी म्हणवतात, आधीचा मॅनेजर का गेला, गाड्या आणि ड्रायव्हर तपासणाऱ्या डीव्हीएसए या सरकारी संस्थेच्या जोखीम-श्रेणीत तुम्ही हिरव्या रंगात आहात की लाल: हे न विचारता जो होकार देतो, त्याला तुमच्या धंद्यात काय चालले आहे याच्याशी देणेघेणे नाही. शंभर पौंडांचा माणूस यांतले काहीही विचारत नाही.

नातेवाइकांविषयी. मेहुण्याने परीक्षा दिली आहे, तोच घरचा माणूस, असे अनेक ठिकाणी होते. नाते ही अडचण नाही. अडचण अशी की मेहुणा तुमची गाडी उभी करायला सांगू शकेल का? शुक्रवारी संध्याकाळी, माल भरलेला असताना, ग्राहक फोनवर ओरडत असताना? भिडेखातर न बोलणारा मॅनेजर घरचा असो की बाहेरचा, उपयोगाचा नाही.

कराराच्या ओळी

करार लेखी हवा, आणि त्यात त्या माणसाचे नाव हवे, नुसते त्याच्या सल्लागार कंपनीचे नव्हे. आठवड्याचे तास, कोणते दिवस, यार्डात किती आणि लांबून किती, हे आकड्यांत लिहा. असुरक्षित गाडी त्याने थांबवली तर तुम्ही ती परस्पर रस्त्यावर पाठवणार नाही, हे एक वाक्य अवश्य असावे. कसलेल्या मॅनेजरला हे वाक्य पगाराइतकेच महत्त्वाचे वाटते. देखभालीच्या नोंदी, टॅकोग्राफचे सॉफ्टवेअर, ड्रायव्हरांचे परवाने आणि शिस्तभंगाची प्रक्रिया यांत त्याला थेट प्रवेश द्या. देखभालीच्या नोंदी पंधरा महिने जपायच्या असतात, तेव्हा तो गेल्यावर त्या कुणाच्या लॅपटॉपवर राहतील हेही ठरवा. त्या तुमच्याकडेच राहिल्या पाहिजेत.

आणि मालकाने महिन्यातून एक तास त्याच्यासोबत बसावे. कोणती तपासणी लांबली, कोणत्या ड्रायव्हरशी बोललात, या महिन्यात काय थांबवलेत? तीन प्रश्न, आणि उत्तरांचे टिपण तारखेसह फायलीत. काम सोपवता येते, जबाबदारी मालकाकडेच राहते, आणि सुनावणीत ‘मी मॅनेजर ठेवला होता’ एवढ्याने कुणी सुटत नाही. हे टिपण नसलेला मालक तिथे वकिलावर काही हजार पौंड खर्च करून आपण लक्ष ठेवत होतो, हेच सिद्ध करायचा प्रयत्न करतो.

तो सोडून गेला तर

मॅनेजर गेला, आजारी पडला किंवा वारला, तर ट्रॅफिक कमिशनरांच्या कार्यालयाला कळवावे लागते. बदल कळवायला अठ्ठावीस दिवसांची मुदत आहे, पण इथे तेवढी वाट पाहू नये. मॅनेजरशिवाय स्टँडर्ड परवाना उभा राहत नाही, त्यामुळे त्याच दिवशी सवलतीचा काळ मागावा. तो सहा महिन्यांपर्यंत मिळू शकतो, मृत्यू किंवा गंभीर आजारात आणखी तीन महिने. पण तो हक्क नाही. नव्या माणसाचा शोध कसा चालू आहे आणि तोवर गाड्यांकडे कोण पाहणार, हे लिहून दिले तरच कमिशनर विचार करतात. म्हणून बाहेरच्या मॅनेजरशी करार करताना नोटिशीचा काळ तीन महिन्यांचा ठेवावा. महिनाभराच्या नोटिशीत जाहिरात, मुलाखती, मूळ प्रमाणपत्र आणि नवा अर्ज हे सगळे बसत नाही.